चादरीचं दुसरं टोक

काकू हसली की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी बिघडलं आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचा नळ तुटून जिन्यावरून पाणी वाहायला लागलं, तेव्हा ती हसली होती. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एका विषयात गचकले, तेव्हाही हसली होती. म्हणाली होती, "बरं झालं. पास होऊन तरी काय करणार होतीस? शेवटी स्क्रूच पिळायचेत ना?" एरवी तिचा चेहरा दुपारच्या बंद दुकानासारखा असायचा. शटर खाली. आत माल आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे आईची थोरली जाऊ. दोघी एकाच लाँड्रीत कामाला होत्या आणि पुढे स्क्रू पिळायला मीही तिथेच लागले. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा काकूला आनंद झाला असावा. तिने तो दाखवला नाही.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे ट्रक भरून यायच्या. लांबलचक शेड आणि मध्ये एक भिंत. भिंतीच्या एका बाजूला सगळं ओलं काम: मळक्या चादरी निवडायच्या, मोठाल्या यंत्रांत कोंबायच्या, पिळून बाहेर काढायच्या. त्या बाजूला सगळे 'ओली बाजू' म्हणायचे. दुसरी कोरडी बाजू. तिथे वाफेवर तापलेले, ट्रकच्या चाकाएवढे जाड रोलर फिरत असायचे. दमट चादर एकीकडून आत जायची आणि दुसरीकडून पुठ्ठ्यासारखी ताठ आणि हाताला चटका बसेल इतकी गरम होऊन बाहेर यायची. ती धरायला तिथे दोघीजणी उभ्या लागायच्या.

काम ऐकायला सोपं आहे. दोघींनी दोन-दोन कोपरे पकडायचे, मागे सरायचं आणि एक झटका द्यायचा. त्या झटक्यासरशी चादर सरळ होते आणि तिच्याखाली कोंडलेली गरम हवा दोघींच्या तोंडावर येते. मग लांबीत एक दुमड. मग एकीने आपलं टोक घेऊन दुसरीपर्यंत चालत जायचं आणि ते तिच्या हातात द्यायचं. जी चालते ती देणारी. जी जागेवर थांबते ती घेणारी. देताना हाताला हात लागतो, नाहीतर कोपरे जुळत नाहीत. दुमडलेली चादर मागच्या गाडीवर ठेवेपर्यंत पुढची बाहेर आलेली असते. दिवसभर हेच.

आई देणारी आणि काकू घेणारी. हे कुणी ठरवलं नव्हतं. थोरलीने धाकटीकडे चालत जावं असा विचारही काकूच्या मनाला शिवला नसता, आणि आई नवी होती तेव्हा तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुकादमाने दोघींची जोडी लावली ती केवळ उंची सारखी म्हणून. एक उंच आणि एक बुटकी असली की चादर तिरकी दुमडली जाते. पुढे दोघींचं बोलणं बंद झालं, तरी उंची तेवढीच राहिली आणि जोडीही राहिली.

बोलणं बंद झालं ते कपड्यांच्या दोरीवरून. आमचं घर म्हणजे एकाच घराचे प्लायवूडच्या भिंतीने केलेले दोन भाग. अर्ध्यात काका-काकू, अर्ध्यात आम्ही. गॅलरी मात्र दोघांत मिळून एक. समोरच्या इमारतीमुळे तिच्यात ऊन यायचं ते फक्त सकाळी, आणि तेही आमच्याकडच्या अर्ध्या भागात. काकू आपले कपडे सरकवत सरकवत उन्हात आणायची. आई ते सरकवत सरकवत परत सावलीत पाठवायची. बरेच महिने ही शांततेची लढाई चालली. मग एक दिवस काकूने आमचे ओले टॉवेल दोरीवरून काढले आणि आमच्याच दारातल्या पायपुसण्यावर टाकले. त्या दिवशी जिन्यात जे काही बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. पण दिवसभर अख्ख्या शहराच्या चादरी वाळवणाऱ्या दोन बायका दोन टॉवेलांवरून एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, हे खरं.

म्हणजे समोरासमोर बोलायच्या बंद झाल्या. तोंड बंद ठेवणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. मग त्या चादरीशी बोलायला लागल्या.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा रोलरखाली उताणी पडून बेअरिंगला ग्रीस देत होते. वरून काकूचा आवाज आला.

"काय गं चादरी, आज अशी ढिली का? तुझ्या त्या टोकाला कुणी धरलेलं आहे की नुसता खिळा ठोकलाय?"

लगेच आईचा आवाज. "चादरी, तू मनावर घेऊ नकोस. काहीजणींना घरी कुणी विचारत नाही, मग त्या इथे येऊन ओढाताण करतात."

"चादरी, तुला डाग पडला तर साबण आहे. जिभेला साबण नाही."

"असता तर काही घरांत महिन्याला पोतं लागलं असतं, नाही का गं चादरी?"

मध्ये झटक्याचा फटकन आवाज, मग पावलं, मग पुन्हा झटका. एकही चादर अडली नाही, एकही तिरकी दुमडली नाही. आजूबाजूच्या बायका कान देऊन ऐकायच्या. एखाद्या दिवशी दोघी गप्प असल्या तर मुकादम येऊन विचारायचा, "काय, आज रेडिओ बंद?"

काकूच्या घरात खरंच रेडिओच काय तो बोलायचा. काका क्रेनवरून निवृत्त झाले आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. वाईट माणूस नव्हे. दारू नाही, शिवीगाळ नाही. पण बायकोशी बोलायचं असतं हे ते विसरून गेले होते. चहाचा कप संपला की खाली ठेवायचे, तेवढाच काय तो आवाज. मूलबाळ नव्हतं. रात्री ते बाहेरच्या खोलीत झोपायचे, काकू आतल्या. हे नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. प्लायवूडच्या भिंतीतून आम्हाला रेडिओवरच्या बातम्या अक्षर न् अक्षर ऐकू यायच्या. माणसांचा आवाज मात्र कधीच नाही.

तर अशा आमच्या लाँड्रीत एक दिवस आनंद शिकवायला बाई आल्या.

वरच्या साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं की कामगार आनंदी असले की काम वाढतं. आधी एक मोठं चित्र आलं. त्यावर उमललेलं फूल आणि खाली लिहिलेलं, 'छोट्या छोट्या क्षणांत आनंद शोधा.' ते रोलरच्या वरच्या भिंतीला डकवलं. वाफेने आठवड्याभरात त्याचा वरचा कोपरा सुटला आणि फूल मान टाकून लोंबायला लागलं. मग त्या बाई आल्या. गोऱ्यापान, हसऱ्या, गळ्यात माइक. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ खाऊन त्यांनी आम्हाला गोल करून बसवलं. सगळ्यांचे डबे मांडीवर बंदच.

"सुख मोठ्या गोष्टींत नसतं," बाई म्हणाल्या. "मला स्वतःला सकाळच्या चहाच्या कपातून वर येणारी वाफ बघितली तरी किती छान वाटतं!"

"वाफ होय!" मागून कुणीतरी म्हणालं. "बाई, इथे या आठ तास. आयुष्यभराचं छान वाटून जाईल."

बाईंनी हसून तेही मान्य केलं. मग प्रत्येकीने आपला रोजचा एक आनंदाचा क्षण सांगायचा होता. शिडी म्हणून एक उंच बाई होती, ती म्हणाली, बसमध्ये बसायला मिळालं की. साखर म्हणून एक होती, तोंडाने फार गोड, तिने नातवाचं काहीतरी सांगितलं आणि डोळेही पुसले. आईची पाळी आली. आई काकूकडे बघत म्हणाली, "आमच्या गॅलरीत सकाळी ऊन येतं. कपडे कडकडीत वाळतात. फार बरं वाटतं."

ज्यांना दोरीचं प्रकरण माहीत होतं त्या फिदीफिदी हसल्या. सगळ्यांनाच माहीत होतं.

मग काकू.

"मला असं काही नाही," काकू म्हणाली.

"असं कसं? असतोच, ताई. आपण बघत नाही इतकंच."

"नाही म्हटलं ना."

"एक करू. डोळे मिटा बरं. आजचा दिवस सकाळपासून आठवा. हळूहळू. कुठे मन थांबतं का, बघा."

काकूने डोळे मिटले. मला वाटलं होतं, ती उठून जाईल. पण ती तशीच डोळे मिटून बसली. सगळे बघत होते. बराच वेळ गेला. तिचा चेहरा त्या वेळी कसा होता ते मला सांगता येणार नाही. इतकंच, की शटर थोडं वर झाल्यासारखं वाटलं आणि आत कुणीतरी काहीतरी शोधतंय असं वाटलं. मग तिने डोळे उघडले.

"काही नाही दिसलं," ती म्हणाली. "अंधार होता. आता डबा खाऊ का?"

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. काकू हसली नाही.

सुट्टी संपली, रोलर सुरू झाले. मी शेजारच्या यंत्राचा पट्टा ताणत होते, त्यामुळे दोघी मला समोरच दिसत होत्या. काकू पेटलेलीच होती. पहिल्याच चादरीला म्हणाली, "चादरी, बघितलीस का नाटकं? चोरलेल्या उन्हाचं कौतुक चार लोकांत सांगायला लाज लागते. ती बाजारात मिळत नाही."

आईने झटका दिला. दुमडलं. टोक घेऊन काकूपाशी चालत आली आणि कोपरे तिच्या हातात देताना अगदी हळू आवाजात म्हणाली, "चादरी, तुझं नशीब बरं. तुला रोज कुणीतरी हात तरी लावतं."

काकूच्या हातातून चादर सुटली.

हे कुणाला सांगितलं तर त्यात विशेष काय, असं वाटेल. पण इस्त्री झालेली चादर जमिनीवर पडली की ती पुन्हा ओल्या बाजूला जाते, पुन्हा पहिल्यापासून. नवख्या बायकांच्या हातून पडते. काकूच्या हातून पडलेली कुणी पाहिली नव्हती. ती पडली आणि काकू तिच्यावरून पाय देऊन गेली. सरळ मुकादमाच्या टेबलापाशी. रोलरच्या घरघरीतूनही तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी जोडी बदला."

"आता काय झालं?"

"बदला म्हणते ना! त्या बाईच्या समोर मी उद्यापासून उभी राहणार नाही. हवं तर म्हैस आणून उभी करा, चालेल."

मुकादम सावध माणूस. म्हणाला, "मोठीबाई, रागात आहात. उद्या बोलू."

"उद्या पण हीच मी आणि हीच ती."

"एकदा बदलली की मग बदलली हां. मला रोज खुर्च्यांचा खेळ खेळायला वेळ नाही."

"कुणी मागितलंय परत?"

आई तिकडे उभी होती, पडलेल्या चादरीकडे बघत. त्या संध्याकाळी ती घरी माझ्यावर तीनदा उगाच खेकसली. मी म्हटलं, "आई, ते तू बोलायला नको होतंस." तर म्हणाली, "मोठी आली शिकवणारी. तू पट्टे ताण तुझे."

काकूला शिडी मिळाली, आईला साखर.

उंची जुळत नव्हती ते सोडाच, खरी अडचण वेगळीच निघाली. पहिली चादर आली. काकूने आणि शिडीने कोपरे धरले, मागे सरल्या, झटका दिला, लांबीत दुमडली. आणि मग दोघी उभ्याच राहिल्या. काकू घेणारी. शिडीही आधीच्या जोडीत घेणारीच. चादर मध्ये ताणलेली आणि दोन टोकांना दोघी वाट बघत.

"या की," काकू म्हणाली.

"मी? तुम्ही या."

"मी आजवर कुणाकडे चालत गेलेली नाही."

"मग मी काय तुमची सून लागते?"

"वयाचा मान ठेवावा माणसाने."

"वयाचा ठेवीन. तोंडाचा नाही ठेवणार."

तोवर रोलरमधून दुसरी चादर निघाली होती, तिच्यामागे तिसरी. धरायला हात नाहीत, त्यामुळे त्या खाली गोळा होऊ लागल्या आणि एक आत ओढली जाऊन गुंडाळली गेली. मी धावत जाऊन यंत्र बंद केलं. जळकट वास सुटला. मुकादम आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काय चाललंय? चादर धरून फोटो काढायचाय का?"

पुढचे दिवस असेच गेले. शेवटी शिडी कुरकुरत चालायला लागली, पण टोक हातात देण्याऐवजी काकूच्या अंगावर फेकायची. काकू ते झेलायची आणि दात खायची. एकदा सवयीने ती म्हणालीही, "चादरी, काही लोकांना आईने हात दिलेत की पंजे?" शिडी थांबली. "कुणाशी बोलताय?" तिने विचारलं. "चादरीशी? डोक्यावर परिणाम झालाय का?" त्यानंतर काकू चादरीशी बोलली नाही.

पलीकडच्या रोलरवर आईची गत काही वेगळी नव्हती. साखरेचं सगळं गोड. आई चादरीला काही लागट बोलली की साखर म्हणायची, "माझं काही चुकलं का गं? सांग हं, मी सुधारते." आता अशा माणसाला काय बोलणार? घरी ती भांड्यांशी बोलायला लागली. वडिलांनी एकदा विचारलं, "कढईने काय केलंय तुझं?" तर तिने कढई आदळली.

पंधरवडाभरात कोरड्या बाजूचं काम इतकं तुंबलं की मुकादमाने निकाल लावला. शिडीला दुसऱ्या एका देणारीबरोबर लावलं. काकूला ओल्या बाजूला पाठवलं, मळक्या चादरी निवडायला. तिथे जोडी लागत नाही. लांब टेबल, समोर ढीग, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, तोंडाला फडकं. रक्ताच्या वेगळ्या, तेलाच्या वेगळ्या, फाटक्या वेगळ्या. दिवसभर एकटीने.

तिथला पंप गळत होता म्हणून मी गेले होते. काकूने मान वर केली नाही.

"काय इंजिनीअर, अजून गळतंच आहे का?"

"वायसर बदलायचाय."

"सगळंच बदला." दोन-तीन चादरी भिरकावल्यावर म्हणाली, "तिकडे कशा निघतात आता?"

"काय?"

"चादरी. दुसरं काय?"

"निघतात. थोड्या तिरक्या."

"निघणारच. तुझ्या आईचा उजवा हात ढिला आहे. समोरचीला तो सांभाळून घ्यावा लागतो. त्या साखरेला काय कळणार?"

मी म्हटलं, "काकू, सोमवारी नवीन बाई येणार आहे. मुकादम तिला साखरेच्या जागी आईबरोबर लावणार आणि तुझी जागा इथे कायमची करणार. आजच जाऊन सांग ना त्यांना, मला परत यायचंय म्हणून."

"मला यायचंय असं तुला कोण म्हणालं?"

"मग तिकडच्या चादरींची चौकशी कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या हातातला पाना थांबला. मग तिने समोरच्या ढिगाकडे नजर वळवली.

"इथे काही वाईट नाही," ती म्हणाली. "मोजे आहेत. हाताला कशाचाच स्पर्श होत नाही. काही लोकांना तेच बरं."

पंप दुरुस्त झाला. मी निघताना तिने मोजे काढून टेबलावर आपटले. हात पांढरे पडून सुरकुतले होते. ते एप्रनला पुसत ती म्हणाली, "कुठे मेलाय तुझा मुकादम?"

मुकादम कोरड्या बाजूलाच होता. काकू भिंतीच्या दारातून आत आली, तशा बायकांच्या माना वळल्या. ती वाटेत कुठे थांबली नाही.

"मला माझी जागा हवी."

मुकादमाने कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तुम्ही बरोबर होतात. झालं? आता द्या."

"मोठीबाई, माझ्या एकट्याच्या हातात नाही. समोर उभी राहणारीलाही विचारायला हवं." आणि त्याने, हलकटपणाने म्हणा किंवा शहाणपणाने, मोठ्याने हाक मारली. "काय हो, ही परत येते म्हणते. चालेल का?"

आईने हातातली चादर साखरेबरोबर नीट दुमडली, गाडीवर ठेवली, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला नको."

काकूची मान ताठ झाली आणि मला वाटलं, आता ही वळणार आणि संपलं. ती वळलीच नाही. ती आईसमोर जाऊन उभी राहिली. टॉवेलांच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती आईशी थेट बोलली, मध्ये चादर न धरता.

"का नको?"

आईही क्षणभर गडबडली. उत्तर द्यायची सवय गेली होती. "तूच गेलीस. मी नव्हतं पाठवलं."

"तू काय बोललीस ते विसरलीस?"

"नाही विसरले."

"ते माणसाने माणसाला बोलावं असं होतं का गं, धाकटे?"

"नव्हतं." आई म्हणाली. मग लगेच आवाज चढवून, "पण चारचौघांत मला चोर म्हणालीस ते? ऊन काय मी खिशात घालून आणलं होतं?"

"चोर म्हटलं तर चोरासारखं चिडायचं! असं आत हात घालून काढायचं नसतं!"

"चिडले होते मी!"

"चिडलीस तर चावशील?"

साखर मध्येच म्हणाली, "अगं, बायांनो, शांत व्हा..." तशा दोघीही एकदम तिच्यावर उलटल्या. "तू गप!" साखर बाजूला झाली. तिचं टोक रिकामं झालं, आणि रोलरला असल्या गोष्टींशी देणंघेणं नसतं. चादर बाहेर येत होती. ती खाली पडायच्या आत काकूने पुढे होऊन कोपरे पकडले.

झटका बसला. फटकन. दोघींच्या तोंडावर गरम हवा आली, केस उडाले. लांबीत दुमड झाली. आणि मग चादर मध्ये ताणलेली राहिली.

आई हलली नाही.

"ये की," काकू म्हणाली.

"नाही येणार. एवढी वर्षं मीच चालतेय. तुझ्या पायांना काय झालंय?"

"मी थोरली आहे."

"असशील. मला परत यायचंय असं मी म्हणाले होते का? तू म्हणालीस. मग तू ये."

मागून पुढच्या चादरीचं टोक दिसायला लागलं. मुकादम काहीतरी ओरडला. काकू उभी होती. तिच्या हातात ती चादर गरम होती, तिच्या कडेला तिने बोटं आवळली होती, आणि ती आईकडे अशी बघत होती की मधलं अंतर जाळून टाकेल.

मग तिने पाऊल उचललं.

"ही चादर चुरगळेल म्हणून येतेय," ती चालता चालता म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी मी या शेडचा उंबरासुद्धा ओलांडला नसता. आणि उजवा हात घट्ट धर, लोंबतोय तो. किती वेळा सांगायचं? तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही?"

"माझ्या आईचं नाव काढू नकोस."

"काढीन. धर."

तिने कोपरे आईच्या हातात दिले. देऊन झाल्यावर हात काढून घ्यायचा असतो. पुढची दुमड पडते, काम पुढे जातं. काकूचा हात तिथेच राहिला. फार वेळ नाही, चादरीतली ऊब निघून जाईल इतकाही नाही. आईनेही तो झटकला नाही. उलट तिरसटपणे म्हणाली, "बर्फासारखे आहेत. काय करत होतीस तिकडे, मासे धुवत होतीस?"

"मोजे असतात तिकडे. तुला काय कळणार?"

"काढायचे मग मोजे."

"काढले म्हणूनच आले ना!"

चादर गाडीवर गेली. दुसरी रोलरच्या तोंडातून अर्धी बाहेर लटकत होती. दोघी धावल्या, कोपरे धरले, मागे सरल्या, झटका दिला. आणि पुन्हा चादर मध्ये ताणून दोघी थांबल्या.

"आता तू," काकू म्हणाली.

"का? तुला जमतंय की चालायला."

"मघाशी मी आले. आता तू ये."

"एकदा आलीस तर लगेच हिशोब?"

"धाकटे, येतेस की येऊ ओढत?"

"ये, ओढ. बघू."

मुकादमाने कपाळाला हात लावला. "अहो, आधी निदान हळू तरी बोलायचात!" तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. आई तोंडाने तावातावाने नाही म्हणत होती आणि तिचे पाय केव्हाच चालू लागले होते.